केंदाळातली गाय

विम्याच्या गाईच्या कानात बिल्ला असतो. गाय मेली तर बिल्ल्यासकट कान कापून द्यावा लागतो. उरलेल्या गाईचं काय केलं, ते कुणी विचारत नाही.

*

काहील म्हणजे गुऱ्हाळातली रस आटवायची कढई, चार माणसं आत बसतील एवढी. ऊस कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ बंद पडलं आणि बोरकाठची काहील नदीत आली. तिला पुढची बाजू नाही, मागची नाही. नवख्याने वल्हवली तर जागच्या जागी गरगर फिरते. ऊन तापलं की तिच्या तळाला अजून गुळाचा वास येतो.

*

म्हाळूच्या घरात दोर नाही. कपडे तारेवर वाळतात. शेळी होती तेव्हा ती साखळीला असायची. कुणी विचारलंच तर म्हाळू म्हणतो, लागत नाही.

*

सकाळी वारा बोरकाठाकडून गव्हाळीकडे वाहतो. दुपारी उलटा.

*

जलपर्णीचं फूल फिकं जांभळं असतं. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा डोळा. वास कसलाच नाही. शिरूरच्या एका साहेबांच्या बायकोने हौसेनं रोप मागून नेलं होतं, दारातल्या टाकीत लावायला.

*

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. अलीकडे बोरकाठ, बरोबर समोर गव्हाळी. मधली नदी दोन्ही गावांची, म्हणजे कुणाचीच नाही. पुण्याने धुतलेलं, ओतलेलं, हगलेलं सगळं मुळा-मुठेतून इथवर यायचं, खालच्या बंधाऱ्याला अडायचं आणि थांबायचं. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात वरून धरणाचं पाणी सुटलंच नाही. त्या साचलेल्या पाण्यावर केंदाळ असं माजलं की नदी दिसेनाशी झाली. सरकारी कागदावर जलपर्णी, गावात केंदाळ. या काठापासून त्या काठापर्यंत जाड, तुकतुकीत, हिरवीगार पानं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय पीक आलंय. जवळ गेलं की वास नाकात न थांबता थेट घशात उतरायचा. पानं हलवली की खालून डासांचा ढग उठायचा आणि बोलणाऱ्याच्या तोंडात शिरायचा. म्हणून काठावर माणसं कमी बोलत.

गौतमीला नदी ओलांडायची होती. बाकी तिला काही नको होतं.

तिचं माहेर गव्हाळी, सासर बोरकाठ. माहेरच्या घरात आता एकटा बाप, म्हाळू. त्याला शुगर होती. डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला, त्याची जखम झाली, आणि ती काही केल्या भरेना. दौंडच्या डॉक्टरने सांगितलं होतं, एक दिवसाआड धुवा, पट्टी बदला, नाहीतर पाय जाईल. म्हाळूला वाकून आपला तळवा दिसत नव्हता. शेजारची धुरपदा भाताचं ताट आणून ठेवायची, पण जखम म्हटलं की पदर नाकाला लावून मागे सरायची. तिचा दोष नव्हता. जखमेला वास येत होता. नदीला येत होता तसाच.

आजवर गौतमी काहिलीतून जायची. एकीकडे भाकरीचं फडकं, दुसरीकडे पट्टी-औषधाची पिशवी, मध्ये ती, दोन्ही हातांत वल्हं. तोंडातलं पान चघळून होईपर्यंत पलीकडे. आता काहील केंदाळात शिरली की चिखलातल्या म्हशीसारखी बसायची. गाडीने जायचं तर न्हावरा, तिथून चौफुला, तिथून पाटसची गाडी, मग उन्हातून चालत. सगळा दिवस त्यात जायचा. मारुतरावांच्या गोठ्यावर ती कामाला होती आणि गोठ्याला सुट्टी नसते. दोन-तीनदा ती तशी गेली, मग कस्तुराबाईंनी, म्हणजे मारुतरावांच्या बायकोने, दुसरी बाई बघू का असं गोड आवाजात विचारलं. तेव्हापासून गौतमी सकाळी काठावर उभी राहून पदर हलवायची. पलीकडे दारात बसलेलं पांढरं धोतर हात वर करायचं. पाय कसा आहे ते हातावरून कळत नाही.

म्हणून मारुतरावांनी श्रमदानाची हाळी दिली तेव्हा वस्तीतून पहिली ती गेली.

*

मारुतराव बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. स्वच्छतेच्या स्पर्धेत गावाचा नंबर काढायचा त्यांनी चंग बांधला होता. श्रमदान गुरुवारी आणि रविवारी. गुरुवारी का, तर भारनियमन. मोटारी बंद, माणसं मोकळी.

सुरुवातीला काम खरं झालं. माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, आकड्यांनी केंदाळ ओढून काठावर टाकू लागली. पहिल्या दिवशी मारुतरावांच्या मोटारीपुढचं निघालं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलतभावाच्या. घाटाची पाळी तिसऱ्या दिवशी आली. केंदाळाच्या काळ्या मुळ्यांत काय नव्हतं. केसांचे गुंतवळ, इंजेक्शनच्या सुया, देवांच्या फुटक्या तसबिरी, लग्नातले द्रोण, आणि एक मऊसर गठ्ठा जो कुणी उलगडून बघितला नाही. माणसांची अंगं खाजायला लागली. काठावरचे ढीग उन्हात वाळतील असं सगळे धरून चालले होते. ते वाळले नाहीत, शिजले. ढिगात हात घातला तर आत गरम लागायचं, जिवंत अंगासारखं. मग त्यातून अळ्या निघाल्या आणि ओळीने घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या.

तेव्हा पप्पूने डोकं चालवलं. पप्पू मारुतरावांचा धाकटा. तो म्हणाला, वर कशाला ओढायचं. कोयत्यानं मोकळं करा, बांबूनं ढकला. सकाळचा वारा आहेच.

श्रमदान एकदम हलकं झालं. तासाभरात काठ स्वच्छ. अख्खा हिरवा गालिचाच सुटून डुलत डुलत गव्हाळीकडे निघाला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले.

गव्हाळीतही स्पर्धा होती. त्यांचं श्रमदान दुपारी. त्यांच्याकडे कोयते होते, बांबू होते, आणि दुपारचा वारा होता.

तर असं चाललं. सकाळी इकडून तिकडे, दुपारी तिकडून इकडे. तेच केंदाळ. दोन्ही गावं आपापल्या तालुक्याला कळवत होती की आमचा काठ मोकळा झाला. सगळ्यांना सगळं दिसत होतं, नदी काही आडपडद्याची जागा नव्हे. गौतमीही बांबूला जोर लावायची. आपण हे बापाच्या दाराकडे लोटतोय हे तिला कळत होतं. पण तिचा एक वेडा हिशेब होता: ढकलाढकलीत कधीतरी सलग वाट उघडेल, आणि उघडली की आपण काहिलीत. मधली नदी मोकळी व्हायची, खरं आहे. पण पलीकडचा काठ तेवढ्या वेळात बंद.

मग एका रविवारी सकाळी केंदाळात गाय दिसली.

*

संकरित गाय, काळी-पांढरी. पोट फुगून ढोल झालेलं, पाय ताठ. अंगावर दोन कावळे आपलं घर असल्यासारखे बसलेले. वास आला तशी माणसं घाटावरून मागे सरकत गेली, थेट देवळापर्यंत. पप्पू लांब बांबू घेऊन गेला आणि दुसऱ्या हाताने नाक धरून गाईला टोचू लागला. बांबू पोटात शिरेल या भीतीने त्याने टोचणं सोडलं आणि भोवतीच्या केंदाळाला रेटलं. गाय निघाली. दुपारी परत आली. गुरुवारी सकाळी पुन्हा गेली, दुपारी पुन्हा आली.

गाय दिवसातून दोनदा तालुका बदलत होती.

ती काढायची कुणी, हा प्रश्न दोन्ही काठांवर एकाच वेळी उभा होता आणि दोन्ही काठ एकाच दिशेने बघत होते. बोरकाठचे लोक वस्तीकडे. गव्हाळीचे लोक म्हाळूच्या दाराकडे.

एके काळी गावातलं जनावर मेलं की हाक वस्तीत यायची. म्हाळू मिसरूड फुटायच्या वयापासून ओढायला जायचा. मागच्या पायाला फास, खांद्यावर दोर. सत्तावन साली वस्तीने बुद्धाला हात जोडले आणि ते काम सोडलं, सगळ्यांनी एका दिवशी. त्यानंतर गावाने वर्षभर दळण दिलं नाही, विहिरीला काटे लावले, पण मेलेल्या जनावराला वस्तीतल्या कुणी हात लावला नाही. म्हाळूने तर दोरच घरात ठेवला नाही. दोर दिसला की हाक येते, असं तो एकदाच बोलला होता, गौतमीच्या लग्नात, मांडव बांधायला शेजाऱ्याकडून दोर मागून आणताना.

त्या गुरुवारी बांबूवर गौतमी होती. केंदाळ रेटताना गाय पाण्यात अर्धी वळली, मान वर आली. मानेला हिरवा काठ गुंडाळलेला होता.

तो तिच्या पातळाचा होता. मारुतरावांच्या गोठ्यात नवी गाय आली तेव्हा नायलॉनच्या दाव्याने तिची मान सोलली होती. गौतमीने आपल्या जुन्या हिरव्या पातळाचा काठ फाडून दाव्याखाली गुंडाळला होता. गाय तिला ओळखायची, तिचा पदर चाटायची. पंधरवड्यापूर्वी गोठ्यातली तिची जागा रिकामी दिसली तेव्हा कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, बेल्ह्याच्या बाजारात विकली.

गाईला उजवा कान नव्हता. कावळ्याने तोडलेला असतो तसा नाही. सरळ रेषेत, धारदार सुरीने.

गौतमी तिथेच ओकली. लोक म्हणाले, वासानं झालं.

पुढचं तिने मनाशी जुळवलं, जुळवायला फार काही नव्हतंच. गाय मेली, कान कापला, कान कागदांबरोबर गेला. पुरायचं तर उन्हाळ्यातला मुरूम, खड्डा निघणार नाही. मग नदी. नदी नेते, ही त्या घराची पिढ्यांची सवय. नदी आता काही नेत नाही, केंदाळाने ती जाम झालीये, हे मारुतराव स्वतः दर भाषणात सांगत होते. तरी जनावर मेल्यावर हात आपोआप नदीकडेच वळले.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. विनोद शिक्रापूरला एका कंपनीत होता, गुरुवारी सुट्टी म्हणून घरी.  तो म्हणाला, निम्म्या वस्तीच्या बायका त्यांच्या रानात जातात, जरा धीर धर. धीर धरायला तिची हरकत नव्हती. पण तळव्यातली जखम धीर धरत नाही.

*

रविवारी तपासणीची समिती यायची होती. शनिवारी संध्याकाळी मारुतराव स्वतः वस्तीत आले, समाजमंदिराच्या पायरीवर बसले, खुर्ची नको म्हणाले. गावाच्या इज्जतीचं बोलले. पुण्याची घाण आपल्या बोकांडी बसली आहे, ती आपल्यालाच काढावी लागणार, यावर बराच वेळ बोलले. उद्याचं जेवण वस्तीसकट सगळ्यांना आहे, तेही सांगितलं. मग आवाज खाली आला.

"आमची पोरं कच्ची हायती. बांबू लावला की वकत्यात. तुमच्यात जाणती माणसं हायती. ह्यातलं तंत्र तुमाला ठावं."

विनोद नुकताच ड्यूटीवरून आला होता, अजून कंपनीच्या शर्टात. तो म्हणाला, "आमालाबी नाकंच हायती, मामा."

माणसं हसली. मारुतरावही हसले, सगळ्यांपेक्षा जरा जास्त वेळ.

"जुनं काय मनात धरू नगा," ते म्हणाले. "आता हे गावाचं काम हाय. पुण्याची घाण."

"गाय पुण्याची न्हाई," गौतमी म्हणाली. ती बायकांत मागे बसली होती, उठली नाही. "तिच्या मानंला माझ्या पातळाचा काठ हाय. मीच बांधलाय. तुमच्या गोठ्यात."

"नदीतनं काय काय वाहून येतं, पोरी. हिरवं पातळ काय तू एकटीच नेसतीस?"

"मी हिरवं म्हणले न्हाई, मामा."

 डासांचा आवाज येत होता.

"आन् उजवा कान न्हाई तिला," ती म्हणाली. "कान तुमी ठेवून घेतला आन् गाय आमच्याकडं पाठवली."

मारुतराव उठले. धोतराला लागलेली धूळ झटकली, पायरी स्वच्छ होती तरी. बघू, म्हणाले. जाता जाता वळून त्यांनी मायेने विचारलं, "म्हाळूचा पाय कसा हाय? समोरच घर नव्हं त्याचं, काठाला?"

*

रविवारी सकाळी बोरकाठचा काठ आरशासारखा होता. केंदाळ नाही, गाय नाही. मधली नदीही मोकळी, काळी, सपाट. सगळं पलीकडे गेलं होतं आणि बरोबर म्हाळूच्या दारासमोर जाऊन थांबलं होतं. तिथल्या बाभळीला निळा नायलॉनचा दोर बांधलेला दिसत होता. उन्हात चमकत होता, या काठावरून दिसावा असा. दुपारच्या वाऱ्याने गाय परत यायला नको, म्हणून कुणीतरी पहाटेच गाडीने वळसा घालून तिला त्या काठाला जखडून आलं होतं.

घाटावर माणसं जमली होती. सगळ्यांनी तो दोर बघितला आणि मग ती मांडवाला पताका लावायला लागली.

विनोद कामावर गेला होता. गौतमीने भाकरी फडक्यात बांधली, पट्टीची पिशवी घेतली, साबणाची वडी टाकली आणि काहील पाण्यात लोटली. ती मध्यावर असताना समितीची जीप आली. लाऊडस्पीकरवर मारुतरावांचा आवाज पाण्यावरून तिच्या मागे मागे येत राहिला. पाहुण्यांच्या स्वागताला पोरींच्या हातांत जलपर्णीच्या फुलांचे गुच्छ दिले होते. कल्पना मुख्याध्यापकांची.

पलीकडे काठ अगदी जवळ आल्यावर काहील केंदाळात शिरली आणि बसली. पुढे गाय होती. पोट आता फुटलं होतं. पाण्यावर तेलाचा तवंग आणि त्यावर माश्या, इतक्या की गाईचं अंग श्वास घेतल्यासारखं हलत होतं. गौतमीने पदर तोंडात कोंबला आणि वल्ह्याने रेटून पाहिलं. काहील फक्त फिरली.

म्हाळू दारातून उठला. काठी टेकत, डावा पाय टाचेवर टाकत उताराने खाली आला. लेकीकडे बघितलं. गाईकडे बघितलं. मग बाभळीकडे गेला.

तो काय करतोय हे तिला उशिरा कळलं. "आबा, नगा," ती म्हणाली. "हात लावू नगा. मी जाते माघारी."

"किती दिसांनी आलीस," म्हाळू म्हणाला. "गप बस."

गाठ सोडायला त्याला वेळ लागला, पण दोर हातात आला तशी बोटं म्हातारी राहिली नाहीत. पट्टी बांधलेल्या पायाने तो गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला. मानेत अडकवलेला दोर काढला आणि मागच्या दोन्ही पायांत फास टाकला, न बघता, जसा माणूस आपल्या सदऱ्याचं बटण लावतो. दोर खांद्यावर घेतला, वाकला, आणि गाय केंदाळासकट बाजूला सरकली. पाण्यात एक वाट उघडली. काहील अलगद काठाला लागली.

दोर बाभळीला परत गुंडाळून म्हाळू वर येऊन उभा राहिला. हात अंगापासून लांब धरले होते, दुसऱ्याचे असल्यासारखे.

"पाणी घाल," तो म्हणाला.

तिने घातलं. घरातला हंडा संपेपर्यंत घातलं. साबणाची निम्मी वडी गेली. म्हाळू नाकाजवळ हात नेऊन पुन्हा खाली करायचा आणि म्हणायचा, अजून. शेवटी हंड्यात पाणी राहिलं नाही, आणि नदीचं पाणी घ्यावं असं दोघांपैकी कुणी म्हणालं नाही.

मग तिने पाय मांडीवर घेतला. भिजलेली पट्टी सोडली. आत अळ्या होत्या. घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या होत्या तशाच. तिने काडीने एक एक काढली, जखम धुतली, पावडर टाकली, नवी पट्टी बांधली, आणि या सगळ्यात तिला एकदाही ओकारी आली नाही. भाकरी मोडून घास पुढे केला. म्हाळूने हात पुढे केला नाही, नुसतं तोंड उघडलं. लहान पोरासारखा तो घास घेत होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवून होता.

तेवढ्यात गव्हाळीचे दोघे बांबू घेऊन दुपारच्या श्रमदानाला आले. त्यांनी बाजूला झालेली गाय बघितली, फास बघितला, आणि तोंडभर हसले.

"म्हाळूबा, झ्याक केलंत. आता तेवढी वर वढून पुरून टाका की. तुमच्याबिगर कुणाला जमतंय."

 तोंडातला घास म्हाळूने चावायचा थांबवला.

गाईची गौतमीला किळस आली होती, केंदाळाची आली होती. पण ती पोटातून वर यायची आणि वांतीबरोबर जायची. आता आली ती कुठूनच बाहेर पडेना. त्या दोघांच्या तोंडावर मनापासूनचं कौतुक होतं. तिला वाटलं, अळ्या बऱ्या. अळ्या कौतुक करत नाहीत.

तिने उरलेली भाकरी झाकून ठेवली. खाली गेली, बाभळीवरचा दोर सोडला आणि टोक काहिलीच्या कडीला बांधलं. बाभळीची पानं आता बोरकाठाकडे हलायला लागली होती. वारा फिरला होता.

"तू पन वढायला लागलीस?" म्हाळूने वरून विचारलं. आवाज राग आल्यासारखा नव्हता, म्हणूनच तिला तो ऐकवेना.

"वढत न्हाई, आबा," ती म्हणाली. "ज्याची हाय त्याला परत करते."

गव्हाळीच्या दोघांनी आनंदाने बांबू लावून काहिलीला रेटा दिला.

*

घाटावर पंगत बसली होती. समितीचे लोक पहिल्या ओळीत, प्रत्येकापुढे जांभळ्या फुलांचा गुच्छ. शिरा वाढत होते. वास आधी पोचला. पाहुण्यांनी शिऱ्यातून बोटं काढली, एकमेकांकडे बघितलं, मग नदीकडे. काहील जरा गिरकी घेत, जरा सरळ होत येत होती. तिच्यात उभी बाई, मागे गाय, आणि गाईच्या मागे वाऱ्याबरोबर निघालेलं हिरवंगार केंदाळ, काठापासून काठापर्यंत पुन्हा पसरत.

मारुतराव माईकपाशी होते. त्यांनी पप्पूला खूण केली. पप्पू पायऱ्या उतरून पाण्याशी आला, तिला तिकडेच थांबवायला. गौतमीने कडीची गाठ सोडली आणि दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं. गोठ्यात वाढलेला पोरगा. दावं पुढे केलं की धरायचं, ही हाताची सवय. आपण काय धरलंय ते त्याला मग कळलं. तरी सोडेना, सोडलं तर गाय पायऱ्यांवर येईल म्हणून. तो तसाच उभा राहून स्वतःच्या बुटांवर ओकला.

"मामा," गौतमी वर बघून म्हणाली, "बाजारात इकलेली तुमची गाय आली. कान जुळतोय का बघा."

तिचा आवाज माईकमध्ये शिरला आणि देवळापर्यंत ऐकू गेला.

मारुतरावांनी माईक बंद केला. समितीतल्या एकाने रुमाल नाकाला लावून शांतपणे विचारलं की हात कुठे धुवायचे. घाटाकडे बोट दाखवायला कुणी धजेना. पंगतीतल्या बायका पदराआडून मारुतरावांकडे बघत होत्या. मारुतराव गाईकडे सोडून सगळीकडे बघत होते. शेवटी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि पायऱ्या उतरू लागले. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी वस्तीच्या ओळीकडे एकदा बघितलं. वस्तीची माणसं जेवत होती. नाकं त्यांनाही होती, पण ती उठली नाहीत.

दोर कसा धरतात ते मारुतरावांना येत नव्हतं. त्यांनी तो हाताला गुंडाळला. गाय जड झाली तशी बोटं आवळली गेली. बापलेकांनी ओढली. एक पाय निसटून हातात आला.

गौतमी पलीकडे बघत होती. दारात पांढरं धोतर दिसत होतं. तिने पदर हलवला. धोतराने हात वर केला नाही.

सत्तावन साली म्हाळूने आपला दोर नदीत टाकला, तेव्हा भीमेचं पाणी लोक ओंजळीने पीत होते.